उदासीन म्हणजे उदास नव्हे

"धातू माझा आहे," भाषेच्या बाई म्हणाल्या.

"तुमचा कसा? धातू विज्ञानाचा," गणिताचे सर म्हणाले. धातूशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता, पण भांडण दुसऱ्याचं असलं की त्यांना जास्त गोडी वाटायची.

"अहो, क्रियापदाचा धातू! कर, बस, ऊठ. तुमच्या लोखंडाच्या आधीपासून आहे तो."

"मग पदही न्या. बहुपदीतलं पद तुम्ही नेलंत की मी मुलांना नुसतं 'बहु' शिकवतो."

"माझ्या मुखाला कोणी हात लावायचा नाही," भूगोलाच्या बाई डबा उघडत म्हणाल्या. "नदीचं आहे ते."

शिक्षकांच्या खोलीत ही वाटणी चालली होती ती मोठ्या बाईंच्या हुकमाने. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. सहामाहीच्या पेपरात 'वर्गमूळ काढा' या प्रश्नाला एका मुलाने वर्गाचं चित्र काढलं होतं. बाकं, फळा, आणि मागच्या बाकाखालून बाहेर आलेलं एक भलंमोठं मूळ. मूळ सुबक होतं. गणिताच्या सरांनी भोपळा दिला, चित्रकलेच्या सरांनी तो पेपर मागून नेला, आणि मोठ्या बाई विचारात पडल्या. त्यांचं निदान असं निघालं, की मुलं विषयात नापास होत नाहीत, शब्दांत नापास होतात. प्रत्येक विषयाची एक बोली असते आणि ती आपण शिकवतच नाही. तेव्हा यापुढे प्रत्येकाने दर आठवड्याला आपापल्या विषयाचे मोजके शब्द निवडायचे, नीट समजावायचे, आणि मुलांनी तो शब्द वापरून स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य घरी मोठ्यांना म्हणून दाखवायचं.

"शब्द घरी गेला पाहिजे," मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. "घरी गेला की मुरतो."

धातूचा निकाल लागेना, तेव्हा सगळ्यांनी खिडकीजवळ बसलेल्या विज्ञानाच्या सरांकडे पाहिलं.

"असू द्या," सर म्हणाले. "दोघांकडेही असू द्या."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. कारण हा तोच माणूस, ज्याने एकदा भाजीवाल्याला वजन आणि वस्तुमान यांतला फरक समजावता समजावता त्याची सगळी गिऱ्हाइकं पळवून लावली होती. कोणी शब्द चुकीचा वापरला की सरांच्या कपाळाची शीर उडायची आणि आवाज पार फाटकापर्यंत जायचा. मागच्या वर्षी त्यांची बायको गेली. तेव्हापासून त्यांच्या तोंडी एवढंच उरलं होतं. तास कापला, असू द्या. पगाराला उशीर झाला, असू द्या. माणूस वेळेवर येत होता, शिकवतही चोख होता, त्यामुळे त्यांना काही म्हणायला कोणाकडे कारण नव्हतं.

त्या आठवड्यात आठवीच्या वर्गाला सरांनी शब्द दिले ते आम्ल, आम्लारी, दर्शक आणि उदासीन.

"निळा लिटमस कागद आम्लात बुडवला की लाल होतो," ते कागद हातात धरून सांगत होते. "लाल कागद आम्लारीत बुडवला की निळा होतो. कागद आपल्याला दाखवून देतो, म्हणून तो दर्शक. आता हे शुद्ध पाणी. निळा घातला, निळाच राहिला. लाल घातला, लालच राहिला. ना इकडचं ना तिकडचं. मग पाणी कसं?"

"बिचारं," मागून कोणीतरी म्हणालं.

"उदासीन," सर म्हणाले. "आणि नीट ऐका. उदासीन म्हणजे उदास नव्हे. पाण्याला काही दुःख झालेलं नाही. त्याच्यात कुठलाही कागद बुडवा, रंग बदलत नाही, इतकंच."

पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. किडकिडीत, टोकदार, आणि टोचायची. वर्ग तिला टाचणी म्हणायचा. तिने सरांकडे पाहिलं, मग चंचुपात्रातल्या पाण्याकडे पाहिलं, मग पुन्हा सरांकडे पाहिलं. मोठे शोध अशाच वेळी लागतात. भानगडीही.

दोन दिवसांनी संध्याकाळी टाचणीने घरी आजी आणि काकूला समोर बसवून वाक्यं म्हणायला सुरुवात केली.

"आजी आम्ल आहे. काकू आम्लारी आहे. दोघी एकत्र आल्या की उष्णता बाहेर पडते."

"काय म्हणाली गं ही?" आजीने कान पुढे केला.

"अभ्यास करतेय, आई. पुढे म्हण गं," काकू घाईने म्हणाली.

"आमचे विज्ञानाचे सर उदासीन आहेत."

"उदास आहेत?" काकूने विचारलं.

"उदासीन!"

"तेच ते. पण किती?"

टाचणीने प्रामाणिकपणे विचार केला. "पूर्ण," ती म्हणाली.

काकूचं मन मोठं होतं आणि मोबाईल हातात होता. तिने पालकांच्या ग्रुपवर टाकलं, की विज्ञानाचे सर पूर्ण उदास आहेत, लहान मुलांनाही जाणवतंय, सगळ्यांनी लक्ष द्या. पुढच्याने वाचलं, सर पार खचले आहेत. त्याच्या पुढचीने विचारलं, एकटेच असतात ना हो? जेवतात का? एकाने लिहिलं, मी त्यांना आज बाजारात पाहिलं, हातात एकच लिंबू होतं. एकच? एकच. पिशवीसुद्धा नव्हती. एकटा माणूस आणि एक लिंबू, हे चित्र सगळ्यांच्या मनात घर करून बसलं. मग कोणा वडिलांनी साधा प्रश्न टाकला, की प्रयोगशाळेची किल्ली कोणाकडे असते?

काट्याचा नायटा म्हणतात तो असा. ते लिंबू सरांनी दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगासाठी घेतलं होतं. प्रयोगाला एकच पुरतं.

सकाळी सर शाळेच्या फाटकातून आत शिरले, तर पहारेकऱ्याने स्टूल सोडून उभं राहत विचारलं, "सर, जेवलात ना?"

"आत्ता? सकाळी सकाळी?"

"नाही, आपलं विचारलं. जेवत चला."

सर प्रयोगशाळेत गेले. तिथला शिपाई म्हणजे मामा. शाळेत सगळेच त्यांना मामा म्हणायचे. मामा कपाटाला पाठ लावून उभे होते आणि कपाटाला नवं कुलूप होतं.

"मामा, आम्लाची बाटली काढा."

"संपली."

"काल भरलेली होती."

"उडून गेली असेल."

"आम्ल उडतं, मामा. बाटली कशी उडेल?"

मामांनी छताकडे पाहिलं, जणू बाटली तिथे कुठे दिसतेय का.

"बरं, असू द्या," सर म्हणाले. "लिंबू आणलंय. सुरी द्या."

"सुरी कशाला?"

"लिंबू कापायला!"

"मी कापतो. तुम्ही बसा. स्टुलावर नको, उंच आहे. खुर्चीत बसा." मामांनी पाठ फिरवून लिंबू कापलं, पिळलं, रस बशीत ठेवला आणि सुरी स्वतःच्या खिशात घातली. मग तास संपेपर्यंत ते खिशावर हात दाबून उभे राहिले. सरांना वाटलं, त्यांच्या पोटात दुखतंय.

तासांच्या मधल्या वेळात गणिताचे सर आले. शेवटचा तास कोणी घ्यायचा यावरून या दोघांत बरीच वर्षं धुसफूस होती. ते खुर्ची ओढून अगदी जवळ बसले.

"शेवटचा तास यापुढे मी घेत जाईन."

"का बरं?"

"असंच." गणिताच्या सरांनी चष्मा काढला. "एक सांगू का, सर? बाकी उरते."

"काय?"

"भागाकारात. सगळं भागून झालं असं वाटतं, पण बाकी उरते. ती टाकून द्यायची नसते, सर. तिच्यातही काहीतरी असतं." एवढं बोलून त्यांनी चष्मा परत लावला. ते नाक पुसत निघून गेले. याच्या घरी काहीतरी बिनसलंय, सरांच्या मनात आलं, आणि त्यांना गणिताच्या सरांची फार दया आली.

पुढचा तास सुरू झाला. सरांनी फळा पुसला आणि डस्टर झटकायला खिडकीबाहेर हात काढला. डस्टर निसटलं आणि खिडकीखालच्या छज्ज्यावर पडलं. सर ते घ्यायला वाकले. हात पुरेना म्हणून आणखी वाकले. खाली मैदानावर खेळाचे सर शिट्टी तोंडात धरून उभे होते. त्यांनी वर पाहिलं, शिट्टी गिळता गिळता वाचवली आणि जिन्याकडे धाव घेतली.

मागून कमरेला मिठी बसली तेव्हा सरांना आधी वाटलं, भूकंप.

"नाही, सर! आयुष्य सुंदर आहे!"

"अहो, डस्टर!"

"डस्टर नवीन मिळेल! माणूस मिळत नाही!"

खेळाच्या सरांची ओढ जबरदस्त होती. दोघे मिळून मागे टेबलावर आदळले, बशी उडाली आणि लिंबाचा रस सरांच्या दोन्ही डोळ्यांत गेला. वर्गाने पाहिलं, ते असं, की खेळाचे सर विज्ञानाच्या सरांना घट्ट धरून बसलेत आणि विज्ञानाच्या सरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहतंय. आता कोणालाच शंका उरली नाही.

मोठ्या बाईंनी सरांना आपल्या खोलीत बसवलं, दार लोटलं आणि स्वतःचा रुमाल पुढे केला.

"मोकळे व्हा, सर."

"लिंबू गेलंय डोळ्यात."

"हो, हो. लिंबू." बाईंचा आवाज मऊ झाला. "कळलंय मला लिंबाचं. ग्रुपवर वाचलं."

"बाई, मी ठीक आहे."

"ठीक नसलेले सगळे असंच म्हणतात."

"मग ठीक असलेले काय म्हणतात?"

बाई थांबल्या. "तेही हेच म्हणतात," त्या म्हणाल्या. "तोच तर घोळ आहे."

त्यांनी टेबलावरचा कागद सरांकडे सरकवला. सत्र संपेपर्यंत वैद्यकीय रजा. पूर्ण विश्रांती. बदली शिक्षकही आले होते. बाहेरच्या बाकावर नवा कोरा खडूंचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. आणि सरांच्या मुलीला बाईंनी फोन केला होता. ती दुसऱ्या गावाहून मिळेल त्या गाडीने निघाली होती.

"फक्त माझी सही राहिलीय," बाई म्हणाल्या. "घरी जा. आराम करा."

सरांनी कागद वाचला आणि परत बाईंकडे सरकवला.

घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्यांची बायको बोलायची भरपूर, पण वस्तूंची नावं घ्यायची नाही. 'अहो, ते तिथलं ते द्या ना.' 'त्याच्यात ते घातलंत का?' 'त्यांच्याकडून ते आलं का?' शब्दाशब्दावरून जगाशी भांडणारा हा माणूस त्या 'ते'चा अर्थ लावताना एकदाही चुकला नाही. गाळणी तर गाळणी, विजेचं बिल तर विजेचं बिल. प्रत्येक विषयाची एक बोली असते असं मोठ्या बाई म्हणाल्या, तेव्हा सरांच्या मनात आलं होतं, की घर हाही विषयच आहे. त्याचीही बोली असते आणि ती येणारी माणसं जगात दोनच असतात. त्यातलं एक गेलं की दुसऱ्याने ती बोलायची कोणाशी?

शाळेत निदान घंटा व्हायची. घंटा झाली की उठावं लागतं, कुठेतरी जावं लागतं, काहीतरी बोलावं लागतं. घरात घंटा नव्हती. आठवड्यातला एक रविवारही त्यांच्याकडून ढकलवत नसे. आणि बाई त्यांना सत्र संपेपर्यंत रोज रविवार देत होत्या.

"नको," सर म्हणाले. "बाई, रजा नको. वाटेल ते काम द्या, पण रजा नको. तुम्हाला कोणी सांगितलं मला काही झालंय म्हणून?"

"मुलांनी. मुलांना सगळं कळतं. तुमच्या पहिल्या बाकावरच्या मुलीने घरी सांगितलं, सर उदासीन आहेत. पूर्ण उदासीन."

सरांनी डोळ्यांवरचा रुमाल खाली घेतला.

"काय म्हणाली? उदास, की उदासीन?"

"एकच ना ते?"

"एकच कसं? बाई, तो आठवड्याचा शब्द आहे! मीच दिलाय. आम्ल नाही आणि आम्लारीही नाही, ते उदासीन. पाणी उदासीन असतं. मीठ घातलेलं पाणी उदासीन असतं. म्हणून काय त्यांना रजा देता?"

दार आपोआप उघडलं, कारण बाहेर कान लावून उभ्या असलेल्या भाषेच्या बाईंना राहवलं नाही. "सरांचं बरोबर आहे. व्याकरणानेही. उद् अधिक आसीन. बाजूला जाऊन बसलेला, कोणाच्या अध्यात ना मध्यात. उदास शब्दाशी गल्लत करतात लोक."

मोठ्या बाईंचा चेहरा पडला. शब्द घरी गेला पाहिजे असा हट्ट त्यांचाच. तो गेला होता आणि जाताना शेजारपाजारही फिरून आला होता.

"म्हणजे ती मुलगी फक्त गृहपाठ करत होती?"

"फक्त गृहपाठ."

"तरी तिला विचारलेलं बरं," बाई म्हणाल्या.

टाचणीला बोलावलं. ती आली आणि तिच्यामागे अर्धा वर्ग दाराबाहेर येऊन उभा राहिला. मामा त्यांना हाकलत होते, पण स्वतःही जागचे हलत नव्हते.

"घाबरू नको गं," बाई म्हणाल्या. "तू सरांना उदासीन म्हणालीस. तो शब्द कुठल्या विषयातला?"

"विज्ञानातला, बाई."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. "बघा," सर म्हणाले. बाईंनी रजेचा कागद उचलून खणात टाकायला घेतला.

"आम्ही प्रयोगच केला होता," टाचणी म्हणाली.

बाईंचा हात खणापाशी थांबला. "कसला प्रयोग?"

टाचणीने हात पाठीमागे बांधले आणि तोंडी परीक्षेला उभी असल्यासारखी सांगू लागली. "उद्देश, सर कोणत्या प्रकारचे आहेत ते तपासणे. साहित्य, सर. निळा कागद म्हणून फळ्यावर काढलेलं सरांचं चित्र, मोठ्या नाकाचं. लाल कागद म्हणून विज्ञान प्रदर्शनात आपल्या वर्गाला मिळालेली ढाल. कृती, सरांना आधी चित्र दाखवलं, मग ढाल दाखवली. निरीक्षण, चित्र बघून सर ओरडले नाहीत. नाकाकडेसुद्धा बघितलं नाही. ढाल बघून सर हसले नाहीत. म्हणाले, असू द्या, तिकडे ठेवा. अनुमान, सर उदासीन आहेत."

टाचणीचे हात सुटून पुढे आले.

"आधी तुम्ही असे नव्हता, सर," ती म्हणाली. आता ती परीक्षेतली नव्हती. "मी मागच्या वर्षी एकदा वजन म्हणाले, तर केवढ्यांदा ओरडला होतात. मी घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं होतं."

तिने नुसतं 'उदास' म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं सरांना वाटलं. उदास माणसाजवळ लोक येऊन बसतात. हे वेगळंच होतं. तेरा-चौदा वर्षांची पोरं त्यांच्यात निळा, मग लाल कागद बुडवत होती, रंग बदलेल म्हणून वाट पाहत होती, आणि त्यांना याचा पत्ताही नव्हता. ढाल त्यांना आठवत होती. ती आता कुठे आहे, ते आठवत नव्हतं.

मोठ्या बाईंनी कागद हळूच पुन्हा टेबलावर ठेवला. पेनचं टोपण काढलं. भाषेच्या बाई जमिनीकडे बघू लागल्या. सरांनी स्वतःच्या बचावासाठी शब्दाचा नेमका अर्थ सांगितला होता आणि नेमक्या अर्थानेच त्यांना आडवं केलं होतं.

पेन कागदाला लागणार, तेवढ्यात सर म्हणाले, "किती वेळा केलास प्रयोग?"

"अं?"

"किती वेळा?"

"एकदा, सर."

"एकदा? चित्र आणि ढाल एकाच दिवशी?"

"हो."

"त्या दिवशी मला ताप होता!" ताप होता की नव्हता, हे सरांना नक्की आठवत नव्हतं, पण मुद्दा तो नव्हता.

"ते आम्हाला माहीत नव्हतं, सर."

"माहीत नव्हतं म्हणून अनुमान काढायचं? एका निरीक्षणावरून? काय शिकवलं मी तुम्हाला? आणि पूर्ण? पूर्ण उदासीन म्हणे! मोजलंस कशाने? दर्शक काय वापरला?"

"मीच होते दर्शक," टाचणी पुटपुटली.

"तू दर्शक? दर्शक म्हणजे कागद! तू निरीक्षक! शब्द वापरताना जरा, जरा तरी, डोकं वापरायचं, की तेही साहित्यात लिहायचं राहिलं?"

शेवटच्या वाक्याला खिडकीची तावदानं थरथरली. मैदानावर चेंडू थांबला. दाराबाहेरून एक बारीक आवाज आला, "ओरडले." मग दुसरा, "सर ओरडले!" मग सगळा वर्गच, "सर ओरडले! सर ओरडले!" मामांनी आनंदाच्या भरात खिशातली सुरी काढून हवेत फिरवली आणि लगेच ओशाळून परत ठेवली.

टाचणी रडत होती आणि हसत होती. दोन्ही एकदमच. "सर, मग अनुमान चुकलं," ती म्हणाली. "खोडू?"

"खोडायचं नाही! प्रयोगात खोडाखोड करतात? खाली नवीन निरीक्षण मांड!"

मोठ्या बाईंनी पेनचं टोपण लावलं, रजेचा कागद उभा फाडला, आडवा फाडला आणि टोपलीत टाकला. बाहेरच्या बदली शिक्षकांची माफी मागून त्यांना त्यांच्या खडूंसकट घरी पाठवण्यात आलं. त्यांना काहीच कळलं नाही, पण जाता जाता तेही मुलांबरोबर टाळ्या वाजवून गेले.

गर्दी पांगल्यावर सर बाहेर आले, तर व्हरांड्यात त्यांची मुलगी उभी होती. केस विस्कटलेले, खांद्याला पिशवी. सरांचे डोळे लालबुंद, सदऱ्यावर लिंबाच्या बिया.

"बाबा!"

"तू कशाला धावत आलीस? काही झालेलं नाही. लिंबू गेलं डोळ्यात."

"तुमचा आवाज पार फाटकापर्यंत येत होता." ती त्यांच्याकडे निरखून बघत होती. "काय झालं एवढं?"

"चुकीचं अनुमान काढलं होतं."

"कोणी?"

सर सदऱ्यावरच्या बिया झटकू लागले. मग पिशवीचा पट्टा उगाचच नीट करत ती म्हणाली, "आलेच आहे, तर दोन-चार दिवस राहते. आईच्या कपाटाला आपण हातच लावला नाही अजून. मला एकटीला नाही जमायचं. तुम्ही असाल घरी?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं. आणि ते आल्या पावली वळून पुन्हा बाईंच्या खोलीत गेले.

"बाई, दोन-चार दिवस रजा हवी होती."

"रजा?" मोठ्या बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "आता? बदली शिक्षकांना मी आत्ता वाटेला लावलं! परीक्षा तोंडावर आलीय. कारण काय?"

"मुलगी आलीय."

"मुलगी येणं हे रजेचं कारण असतं का?"

"सकाळी तर सत्र संपेपर्यंत देत होतात!"

"सकाळी तुम्ही आजारी होतात. आता तुम्ही ठणठणीत आहात. अख्ख्या शाळेने ऐकलंय."

"मग वैद्यकीय नको. किरकोळ रजा द्या."

"किरकोळ रजेला कारण किरकोळ लागतं, सर."

"मुलगी किरकोळ नाही!"

"मग किरकोळ रजा कशी देऊ?"

"किरकोळ हे रजेचं विशेषण आहे की कारणाचं, ते आधी ठरवा! बोलवा भाषेच्या बाईंना!"

बाहेर व्हरांड्यात मामा हळूच मुलीजवळ आले. दाराआडून आवाज चढतच होता. "ताई, चहा आणू का?" त्यांनी विचारलं.

"आणा," ती बाकावर टेकून बसत म्हणाली. "पण घाई नको. बाबा भांडतायत."